चार्जर चिपळूणलाच थांबू नये

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,


आपल्या सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेले इलेक्ट्रिक वाहन धोरण मी बारकाईने वाचले आहे. २०३० पर्यंत राज्यात नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांपैकी ३० टक्के वाहने विजेवरची असावीत, हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ केले आहे. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोल माफ केला आहे. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे वचन दिले आहे. धोरण चांगले आहे आणि ते यशस्वी व्हावे असे मला मनापासून वाटते. म्हणूनच लिहितो आहे. गुहागर तालुक्याच्या टोकाला, अंजनवेलला बसून हे धोरण वाचले की जाणवते की त्याची नजर महानगरे आणि मोठे महामार्ग यांच्यापुढे फारशी जात नाही. टोल माफ झालेल्या तीन रस्त्यांपैकी एकच आमच्या वाटेवर आहे, आणि तोही पनवेल गाठल्यानंतर. २५ किलोमीटरचा हिशेब मुंबई-गोवा महामार्गाला लागू होईल, पण चिपळूणला महामार्ग सोडून गुहागरकडे वळलेल्या माणसाचे काय, हे त्यातून कळत नाही.

विजेबद्दल बोलण्याचा या गावाला अधिकार आहे, तो कसा ते आधी सांगतो. आमच्या वाशिष्ठी नदीच्या वरच्या अंगाला, चिपळूण तालुक्यात पोफळी आहे. सह्याद्रीपलीकडच्या शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून तिथे उतरते, कोयना प्रकल्पाची जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठीला मिळते. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. तेच पाणी पुढे चिपळूणवरून वाहत येऊन अंजनवेलजवळ, गोपाळगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. आणि त्याच मुखाशी दुसरा प्रकल्प उभा आहे, जो जगभर ‘दाभोळ’ म्हणून ओळखला गेला. दाभोळ मात्र खाडीच्या पलीकडे आहे. जमिनी गेल्या त्या अलीकडच्या अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या. तो उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीशी प्राथमिक करार १९९२ मध्ये झाला, वीज खरेदीचा करार १९९३ मध्ये. १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, नंतर पुन्हा बोलणी होऊन तो नव्याने झाला. १९९७ मध्ये विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर, वेलदूरच्या बायाबापड्यांवर लाठ्या चालल्या. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि वीज परवडत नाही म्हणून २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षाअखेर एन्रॉनही बुडाली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन झाली. क्षमता १,९६७ मेगावॅट. पण स्वस्त वायू मिळेल तेव्हा चालायचे, नाही तर थांबायचे, असेच त्या प्रकल्पाचे आयुष्य राहिले आहे. शेजारच्या टर्मिनलवर जहाजातून उतरणारा वायू पाईपलाईनने पनवेलकडे आणि पार बंगळुरूकडे जातो.

म्हणजे एकाच नदीच्या दोन टोकांना मिळून जवळपास ४,००० मेगावॅटची यंत्रे उभी आहेत. एवढी वीज राज्यासाठी मांडून ठेवलेल्या खोऱ्यातल्या माणसाने गाडी विजेवर चालवायचे ठरवले तर त्याच्या वाट्याला काय येते, ते आपण समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

महोदय, विजेवरच्या गाडीला सर्वांत आधी लागते ती रात्रभर उभी राहायची हक्काची जागा आणि त्या जागेशी स्वतःच्या मीटरवरची वीज. मुंबईत नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ आहे. आमच्या वाडीतले जे लोक भांडुप, विरार, डोंबिवलीला राहतात त्यांच्यापैकी अनेकांच्या इमारतीत गाडीला जागाच नाही. जागा असली तर तिथवर वायर ओढायला सोसायटीची परवानगी मिळवण्यात वर्ष जाते. अंजनवेलला घरापुढे अंगण असते, पडवीत मीटर असतो आणि मधे कोणाची कमिटी नसते. रोजचा प्रवासही बेताचा. गुहागरला कचेरीच्या कामाला, शृंगारतळीला बाजाराला, महिन्यातून एक-दोनदा चिपळूणला दवाखान्यासाठी नाही तर कॉलेजातल्या मुलाला सोडायला. चिपळूणची फेरी जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. आज बाजारात असलेल्या लहान बॅटरीच्या मोटारीही एका चार्जमध्ये एवढे अंतर आरामात कापतात. माझे स्पष्ट मत आहे की विजेवरच्या गाडीसाठी कोकणातले खेडे मुंबईच्या चाळीपेक्षा आणि टॉवरपेक्षाही जास्त सोयीचे आहे. सरकारचा सगळा विचार मात्र उलट क्रमाने, शहरातून खेड्याकडे येतो.

पैशाचा हिशेबही मांडतो. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी पेट्रोल गाडी आमच्या चढउताराच्या रस्त्यांवर लिटरला पंधरा-सतरा किलोमीटर देते. १०५ रुपयांच्या आसपासचा भाव धरला तर महिन्याचे सहा-सात हजार रुपये नुसत्या पेट्रोलचे. तेवढ्याच अंतराला विजेवरची गाडी साधारण १४० युनिटे घेते. आता इथे एक गोष्ट आहे जी गाडी विकणारा सांगत नाही. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि १०० युनिटांपुढचा दर आधीच्या जवळपास दुप्पट आहे. आमच्याकडचे साधे घर महिन्याला ८०-९० युनिटांत भागते. गाडी आली की ते घर पुढच्या टप्प्यात ढकलले जाते. तरीही वाढीव बिल, अधिभार आणि वीजशुल्क धरून, दोन हजारांच्या आत राहते. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर हाच खर्च दुपटीच्या घरात जातो, पण तोही पेट्रोलच्या निम्माच. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि त्याने मायलेज काही टक्के कमी होते हे सरकारनेही मान्य केले आहे. त्यामुळे पेट्रोलवाल्यांचा हिशेब आणखी तंग झाला आहे.

मग लोक घेत का नाहीत? २०२५ च्या उत्तरार्धात देशात विकल्या गेलेल्या शंभर नव्या प्रवासी मोटारींपैकी चार-पाच विजेवरच्या होत्या. आमच्या तालुक्यात त्या रस्त्याने गेल्या तर माणसे अजून वळून पाहतात. किंमत हे पहिले कारण, ते लपवण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी २८ टक्के आणि वर उपकर होता, तो १८ टक्क्यांवर आला. विजेवरच्या गाडीवर तो आधीपासून ५ टक्केच होता. म्हणजे दोघींमधले करांचे अंतर कमी झाले आणि पेट्रोल गाडी पुन्हा हाताशी आली. पण किंमत परवडणारी माणसेही इथे थांबतात. त्यांना विचारले की पहिला प्रश्न एकच येतो, ‘आणि लाईट गेली तर?’

हा प्रश्न भित्र्या माणसाचा समजू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा खाडीपलीकडच्या दापोली-मंडणगडात कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. त्यानंतर २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. वादळ नसले तरी मृगाच्या पहिल्या वाऱ्यात माडाची झापे तारांवर पडतात, फेज जातो आणि एकट्या वायरमनने किती खांबांवर चढायचे? खारी हवा तारांना, जोडांना आणि पेट्यांना खाते ते वेगळेच. अलिबाग शहरात चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून भूमिगत वीजवाहिन्या टाकल्या गेल्या. किनाऱ्यावरच्या खेड्यांपर्यंत तसे काम पोहोचले तर विजेवरच्या गाडीची निम्मी भीती तिथेच संपेल.

याच प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते. वीज गेली की पेट्रोलपंपही जनरेटरवर जातो, रस्ता बंद झाला की टँकर येत नाही आणि मग पंपावर रांगा लागतात. उलट आजच्या अनेक विजेवरच्या मोटारींतून घरातल्या उपकरणांना वीज देता येते. आमचे घर दिवसाला तीन युनिटे खाते. ४५ युनिटांची बॅटरी निम्मी जरी भरलेली असली तरी दिवे, पंखे, फोन आणि म्हाताऱ्यांच्या औषधांचा फ्रिज आठवडाभर चालू राहू शकतो. वादळाच्या किनाऱ्यावर ही गोष्ट टोलमाफीपेक्षा शंभरपटीने मोलाची आहे. आपल्या खात्याने आणि ऊर्जा खात्याने मिळून ती लोकांना दाखवावी. मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या आवारात एक मोटार उभी करून तिच्यावर दहा दिवे आणि एक पंप चालवून दाखवा. त्याचा परिणाम जाहिरातींपेक्षा जास्त होईल.

आता अंगणातल्या चार्जरकडे येतो, कारण खरी अडचण तिथे सुरू होते. साध्या घरगुती चार्जरला तीन किलोवॅटहून अधिक भार लागतो. आमच्याकडच्या जुन्या घरांचा मंजूर भार त्याच्या बराच खाली असतो, तेव्हा आधी भार वाढवून घ्यायला हवा. मग घराची वायरिंग. ती बऱ्याचदा पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, पातळ तारेची असते, पंखा-टीव्हीसाठी ओढलेली. तिच्यावर रात्रभर पंधरा अँपिअरचा प्लग चालवणे धोक्याचे. त्यानंतर अर्थिंग, आणि इथे गाडी अडते. विजेवरच्या गाडीचा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर सुरूच होत नाही, आणि होऊ नये, कारण तो सुरक्षिततेचा भाग आहे. आमची जमीन जांभ्याची. पावसाळा संपला की जांभा कोरडा पडतो आणि एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा रोध एवढा वाढतो की दिवाळीला बिनतक्रार चालणारा चार्जर शिमग्यानंतर लाल दिवा दाखवू लागतो. त्याला खोल खड्डा, योग्य भरण, उन्हाळ्यात पाणी, कधी दोन-दोन खड्डे लागतात. पुण्यातून येऊन चार्जर बसवून जाणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते. गुहागर-चिपळूणच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या आमच्या पोरांना हे शिकवले तर त्यांना गावात कामही मिळेल.

आणि शेवटी डीपी, म्हणजे वाडीचा ट्रान्सफॉर्मर. वाडीला मिळून एक लहान डीपी असते. तिच्यावर सध्या पंपांचा आणि फ्रिजांचा भार आहे. दोन-तीन घरांनी एकाच रात्री गाड्या लावल्या तर दाब उतरेल. हे आजच सांगतो, कारण गाड्या आल्यावर डीपी बदलायला घेतली तर मधल्या काळात सगळी वाडी गाडीवाल्याला शिव्या घालील आणि पुढची दहा वर्षे त्या वाडीत दुसरी गाडी येणार नाही.

छतावरच्या सौरऊर्जेबद्दल सरकार बोलते. ते योग्यच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि तेवढ्या पॅनेलांवर घर आणि गाडी दोन्ही भागतात. फक्त कौलारू छपरावर पॅनेल बसवणे सिमेंटच्या गच्चीइतके सरळ नाही, आणि आंबा-माडांची सावली कापायला कोणी तयार होणार नाही. अंगणात किंवा गोठ्यावर वेगळा सांगाडा उभारावा लागतो आणि वादळवाऱ्याला टिकेल असा तो मजबूत लागतो. त्या सांगाड्याच्या खर्चाचा कोकणापुरता वेगळा विचार व्हायला हवा.

हायब्रीड गाड्यांबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते काही पर्यावरणप्रेमी मित्रांना पटणार नाही. मुंबईत जागा नसलेला चाकरमानी वर्षातून तीन-चारदा गावी येतो. गणपतीला, शिमग्याला, मेमध्ये आंब्यांना. त्याला आज मी हायब्रीडच घे असे सांगेन. ही गाडी प्लगला लावावी लागत नाही, उतारावर आणि ब्रेकवर स्वतःची बॅटरी भरते, आणि कशेडी, भोस्ते, परशुराम असे घाट उतरताना नि गणपतीच्या कोंडीत तासन् तास सरकताना पेट्रोल गाडीपेक्षा खूप कमी पेट्रोल पिते. तरी नव्या जीएसटीत आपल्याकडच्या बहुतेक हायब्रीड मोटारी ४० टक्क्यांच्या गटात आहेत आणि शेजारची लहान पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत. हे मला न्याय्य वाटत नाही. पण सार्वजनिक पैसा मात्र हायब्रीडवर खर्च करू नये. तो चार्जरवर, डीपीवर आणि तारांवर खर्च व्हावा, कारण तो खर्च एका मालकाचा न राहता सगळ्या गावाचा होतो.

ज्या देशात हे काम झाले आहे त्याच्याकडे एकदा पाहावे. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेवरच्या होत्या. तो देश श्रीमंत आहे, हे खरे. पण त्याचे भूगोलाचे प्रश्न आमच्या ओळखीचे आहेत. किनारा खाड्यांनी तुटलेला, रस्ते डोंगरातून वळणारे, वीज पाण्यापासून होणारी, आणि खाडी ओलांडायला गाड्यांसकट फेरीबोट. त्यांनी सवलती नव्वदच्या दशकापासून दिल्या, विजेवरच्या गाडीवरचा मूल्यवर्धित कर २००१ मध्ये काढला, आणि २०१५ मध्ये गाड्या वाहून नेणारी पहिली बॅटरीवरची फेरीबोटही पाण्यात उतरवली. आमच्याकडे धोपावे-दाभोळ फेरीबोट २००३ पासून मोटारी नेते. त्या धक्क्यावर माणसाला बोटीची वाट पाहत थांबावेच लागते. थांबायची जागा, चहाची टपरी, खाडीचा वारा सगळे आहे. तिथे दोन जलद चार्जर उभे राहिले तर गुहागर आणि दापोली हे दोन तालुके एकाच जागी जोडले जातील. बोट विजेवर चालवण्याचा विचार पुढे केव्हा तरी व्हावा. चार्जरला तेवढी वाट पाहायची गरज नाही.

एसटीचेही तसेच. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली आणि १ जून २०२२ ला त्याच मार्गावर पहिली ‘ई-शिवाई’ धावली, तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. त्यानंतर ५,१५० विजेवरच्या गाड्यांचा करार झाला आणि त्या फारच संथपणे आल्या, हे आपण जाणताच. कोकणातल्या आगारांत त्या येतील तेव्हा त्यांच्यासाठी मोठ्या दाबाची जोडणी घ्यावीच लागेल. ती घेताना आगाराच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या बाजूने दोन चार्जर रिक्षा आणि मोटारींसाठी ठेवा. जमीन एसटीची, जोडणी एसटीची, आणि उत्पन्नही एसटीला. गुहागर आगारापासून सुरुवात करायला हरकत नाही. रिक्षावाल्यांचे तर मी मुद्दाम सांगतो. देशात आज विकल्या जाणाऱ्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक विजेवरच्या आहेत. आमचे रिक्षावाले मागे आहेत, कारण दुपारी एक तास रिक्षा लावून ठेवायला शृंगारतळीच्या बाजारात प्लग नाही.

गणपतीचा मुद्दा राहिला. दरवर्षी सरकार कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफी देते. आणखी चार-पाच वर्षांत त्या गाड्यांमध्ये हजारो विजेवरच्या असतील आणि त्या सगळ्या दोन रात्रींत त्याच महामार्गावरून येतील. दर २५ किलोमीटरला एक चार्जर हा हिशेब वर्षभराच्या सरासरीला पुरेल, त्या दोन रात्रींना पुरणार नाही. एका जागी दोन ऐवजी आठ लागतील, त्यांना सावली आणि स्वच्छतागृह लागेल, आणि बंद पडलेला चार्जर किती तासांत दुरुस्त झाला याची नोंद लोकांना दिसेल अशी ठेवावी लागेल. पहाटे चार वाजता लेकराबाळांसह बंद चार्जरपुढे उभे राहिलेले एक कुटुंब गावात येऊन जे सांगते, ते पुढची पन्नास कुटुंबे ऐकतात.

विजेवरची गाडी आली म्हणजे धूर संपला, असा दावा मी करणार नाही. राज्याची बरीचशी वीज आजही कोळशावर होते. पण गाडी एकदा विजेवर आली की कोळशाच्या जागी सूर्य, वारा आणि कोयनेचे पाणी आणणे सरकारच्या हातात राहते. पेट्रोलच्या टाकीबाबत तसे काहीच करता येत नाही. आणि विजेवरच्या गाड्या बनवणारे कारखानेही आपल्याच राज्यात आहेत. महिंद्रांच्या नव्या मोटारी चाकणच्या, बजाजची चेतक पुण्याची. पुण्याजवळ तयार होणारी गाडी त्याच राज्यातल्या गुहागरला नि:शंकपणे वापरता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

तेव्हा महोदय, माझे मागणे मोजके आहे. २५ किलोमीटरचा नियम महामार्गापुरता न ठेवता प्रत्येक तालुक्याच्या शेवटच्या बसथांब्यापर्यंत लागू करा. गुहागर आगार, शृंगारतळी बाजार आणि धोपावे धक्का या तीन ठिकाणच्या चार्जरची तारीख जाहीर करा आणि ती पुढच्या गणपतीच्या आधीची असू द्या. ऊर्जा खात्याशी बोलून घरच्या गाडीसाठी वेगळा मीटर आणि वेगळा दर मिळवून द्या, म्हणजे दिवे-पंख्यांचे बिल गाडीमुळे चढणार नाही. भार वाढवण्याचे अर्ज ग्रामपंचायतीत एका दिवसात घेता येतील असे शिबिर लावा. त्या शिबिरासाठी शाळेची खोली, टेबले आणि माणसे जमवण्याची जबाबदारी आम्ही गावकरी घेतो. आपण फक्त तारीख कळवा.

आपला,
एक ग्रामस्थ,
अंजनवेल, ता. गुहागर, जि. रत्नागिरी